अर्ध्यावरचा काटा

दादांच्या गाडीतला पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असायचा. चावी फिरवली की तो सावकाश वर चढायचा, मधोमध यायचा आणि तिथंच बसायचा. टाकीत पेट्रोल किती आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, दादा कुणाकडून तरी नेमानं पेट्रोल टाकून घेत असणार, म्हणून काटा अर्ध्याच्या खाली जात नाही.

गाडी जुनी आहे. एके काळी पुढारी मंडळी ज्या बसक्या, फुगीर पाठीच्या पांढऱ्या गाड्यांतून फिरायची, त्यातलीच एक. दादा म्हणजे माझे वडील सिरसाळ्याला सरपंच होते, तेव्हा त्यांनी ती तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडून घेतली. त्या वेळी गावात ट्रॅक्टर होते, एक जीप होती, पण अशी गाडी कुणाकडं नव्हती. तिच्यातून नवरदेव गेले, अडलेल्या बायका अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेल्या, निवडणुकीत तिच्या टपावर भोंगा चढला. आई गेल्यावर दादा आमच्याकडं परळीला राहायला यायला तयार झाले ते एकाच अटीवर. गाडी सोबत येईल.

आली. आमच्या अंगणातली जास्वंदीची आळी बुजवून तिला जागा केली. सकाळी धुतली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर राखेचा करडा थर बसतो, परळीत हे सगळ्याच गाड्यांचं होतं. नवरा औष्णिक केंद्रात पाळीवर असतो, त्याला तिच्यात काडीचाही रस नाही. पुण्याचा भाऊ दर फोनला म्हणतो, विकून टाक. दादांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गाडी चालवायची मनाई आहे, तेव्हा ती चालवायची मी. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. रविवारी दादांना घेऊन सिरसाळ्याच्या रानात एक चक्कर मारायची, बटईनं दिलेलं शेत बांधावरून बघायचं आणि जेवायच्या आत परत यायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

एप्रिलमधल्या अशाच एका रविवारी गाडीनं आचका दिला. मग आणखी एक दिला आणि इंजिन बंद पडलं. परळी मागं पडली होती, सिरसाळा अजून लांब होतं. उताराचा फायदा घेऊन मी ती कशीबशी रस्त्याकडेच्या लिंबाखाली आणली. समोर काटा अर्ध्यावर. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न मिटला, असं मी मनाशी म्हटलं आणि बोनेट उघडलं.

औष्णिक केंद्राची राख वाहणारे टिपर एकामागून एक जात होते. ताडपत्री नीट न बांधलेला टिपर गेला की राखेचा एक लोट अंगावर यायचा. घामावर राख बसली की तिचा लगदा होतो, तो पुसला की आणखी पसरतो. मी पदर खोचून इंजिनात वाकले तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. साखर कारखान्याचा हंगाम संपवून ऊसतोडीवरून परतणारी माणसं होती, ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, एक शेळी. त्यातले दोघंतिघं सिरसाळ्याचेच निघाले. दादांना बघून त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि सगळे उतरून गाडीभोवती जमा झाले.

दादा पुढच्या सीटवरून हलले नाहीत. काच खाली करून तिथूनच हुकूम सोडू लागले. पेट्रोल आहे, अर्धी टाकी आहे, तेव्हा पेट्रोलचं नाव काढू नका. पॉइंट खराब झाला असेल. मी ठिणगीचे पॉइंट घासले. मग त्यांनी प्लग काढायला लावले. गरम प्लगनं माझी दोन बोटं भाजली. प्लग पुसले, लावले, स्टार्टर मारला, काही नाही. मग कॉइल. मग वायरी. जमलेल्यांतला जो तो एक एक नवीन रोग सुचवत होता आणि दादा प्रत्येकाला होकार देत होते.

ट्रॉलीतली एक बाई, कडेवर लेकरू घेतलेली, मला पाण्याची कॅन द्यायला आली. हळूच म्हणाली, "ताई, पेटरोल सरलं असंल."

मी काही बोलायच्या आत दादांनी आतून ऐकलं. "काटा अर्ध्यावर हाय म्हनलं ना," ते म्हणाले. बाई मागं सरली.

अखेर त्यांच्यातला, ट्रॅक्टरमागून मोटरसायकलवर आलेला एक तरुण कुणाला न विचारता मागं गेला. टाकीचं झाकण काढलं, गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली आणि कान लावला. टाकीत थेंबाचाही आवाज नव्हता. त्यानं आपल्या मोटरसायकलची नळी काढून एका बाटलीत पेट्रोल भरलं आणि आमच्या टाकीत ओतलं. कार्ब्युरेटरपर्यंत ते चढायला पुन्हा वेळ लागला, पण गाडी सुरू झाली. मी त्याचे आभार मानत होते तेव्हा दादा त्या माणसांना सांगत होते की, परळीत चोर लई झालेत, रातच्याला पेट्रोल काढून नेतात.

काटा अर्ध्यावरच होता. रानात न जाता मी गाडी वळवली आणि पंपावर नेली. टाकी पूर्ण भरली. काटा अर्ध्यावर. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. दादांना वाटलं मला ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर गाडी स्टँडामागच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेली. त्यानं डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, दोन वायरी ओढून पाहिल्या आणि मीटर गेलाय असं जाहीर केलं. मी म्हटलं, मीटर गेला असता तर काटा वर तरी कसा चढला असता? आधी टाकीतला फ्लोट बघा. टाकीत एका दांड्याच्या टोकाला पोकळ गोळा तरंगत असतो, तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि काट्याला खबर देतो, त्याला सगळे फ्लोट म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, जुन्या गाडीला एवढं डोकं लावायचं न्हाई. मीटर बदलला की झालं." त्याच्या दारात चार रिक्षा आणि एक टेम्पो उभा होता. मलाही घरी जाऊन दादांचं जेवण बघायचं होतं. मी हो म्हटलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला स्वतःचा सर्वांत जास्त राग त्या एका 'हो'चा येतो.

त्यानं कुठल्या तरी भंगार गाडीतला मीटर आणून बसवला. चावी फिरवली. नवा काटा चढला आणि अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. "बघा, हलला," तो म्हणाला. टाकी त्या वेळी जवळजवळ भरलेली होती. मी ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, हळूहळू सेट होईल.

आठवडाभर मी वाट पाहिली. काटा पाव रेघही हलला नाही. तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर घरी आणला आणि ठरवलं, आता हे आपणच करायचं. मुलांना मी दर वर्षी शिकवते, दोष शोधायचा तर सर्किट मधोमध तोडायचं आणि एकेक अर्ध तपासत जायचं. सोपं आहे. फळ्यावर तर फारच सोपं आहे.

शनिवारी दुपारी डिकी रिकामी केली, टाकी तिथंच असते. फ्लोटची वायर काढली, काटा शून्यावर आला. तीच वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली, काटा सावकाश चढत शेवटच्या रेघेपलीकडं गेला. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. दोष टाकीतच. आणि जुना मीटरही चांगलाच असणार, जो मी त्या इलेक्ट्रिशियनच्या दुकानात सोडून आले होते. मी तशीच स्कूटर काढून स्टँडामागं गेले. त्याला आठवेचना. मग म्हणाला, भंगारवाला येऊन गेला. मी तिथून हलले नाही. त्यानं एका पत्र्याच्या डब्यात हात घातला, बाहेर काढला, दुसऱ्या डब्यात घातला. शेवटी टेम्पोच्या तुटक्या दिव्यांखाली आमचा मीटर सापडला. काच तडकली होती, तरी घरी आणून तोच परत बसवला.

फ्लोट काढायचं काम त्याहून वाईट. स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झाले होते. एकाचं डोकं तुटलं, तो पकडीनं काढताना माझं मनगट खरचटलं. फ्लोट बाहेर आला तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. दांड्याच्या सांध्यात गंज भरला होता आणि दांडा अर्ध्या उंचीवर घट्ट अडकून बसला होता. पेट्रोल येवो की जावो, गोळा जागचा हलणार नव्हता. टाकीच्या तळाशीही गंजाचा गाळ होता. तेव्हा टाकीही उतरवणं आलं. पुढच्या रविवारी एका मेकॅनिकला बोलावून ती उतरवून घेतली, धुतली, वाळवली, बाहेरून गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साइड रंगाचे दोन हात दिले. फ्लोटचा सांधा रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला. फ्लोट हातात धरून डिकीच्या पत्र्याला टेकवला, वायर जोडून दांडा वरखाली करून पाहिला, काटा तसाच वरखाली होत होता. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. दादांना हाक मारून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

टाकी चढवली. फ्लोट नव्या पॅकिंगवर बसवला, नवे स्क्रू आवळले, पेट्रोल भरलं, चावी फिरवली.

काटा शून्यावर. हललाच नाही.

मी सगळं पुन्हा काढलं. हातात धरलं की चालायचं, टाकीत बसवलं की बंद. पुन्हा बसवलं, बंद. कॉलेजात अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते, घरभर पेट्रोलचा वास होता, नवरा रात्रपाळी करून आलेला म्हणून त्याला झोपेत आवाज चालत नव्हता. भावाचा फोन आला, मी उचलला नाही. मे महिन्याच्या उन्हात मी डिकीत गुडघ्यावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. ते रडू नव्हतं, निव्वळ चीड होती. एवढीशी वस्तू, एक वायर, एक गोळा, आणि ती मला दाद देत नव्हती.

दादा जवळच खुर्ची टाकून बसले होते. बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "कावून एवढा जीव खाती माय? तो काटा कवाच चालला न्हाई."

मी मान वर केली. विचारलं, कधीपासून?

"घेतली तवापासून."

 मग मी विचारलं, त्या दिवशी रस्त्यावर, मी हात भाजून घेत होते तेव्हा, ते अर्धी टाकी आहे असं का म्हणत राहिले. दादांनी धोतराची घडी नीट केली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती समदी आपल्या गावची मान्सं व्हती. त्यांच्यापुढं मी म्हनू का, सरपंचाच्या गाडीचा काटा खोटा हाय म्हनून?"

"मग मला घरी आल्यावर तरी सांगायचं, दादा."

"तू इचारलं न्हाईस."

माझ्या हातातली पकड मी अंगणात फेकली. ती उरलेल्या एका जास्वंदीच्या बुडाशी जाऊन पडली. दादा दचकले. मी त्यांच्यावर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता आणि तेव्हाही चढवला नाही, पण जे बोलले ते आवाज चढवण्यापेक्षा बरं नव्हतं. म्हटलं, तुमच्या दोन शब्दांनी हे सगळं वाचलं असतं. मीटर बदलला नसता, काच तडकली नसती, सरळ टाकी उघडली असती. त्या बाईनं तोंडावर खरं सांगितलं तर तुम्ही तिला गप्प केलंत. तुमची सरपंचकी जाऊन किती वर्षं झाली आणि अजून तिच्या नावानं मी उन्हात बसायचं.

 दादा सांगू लागले, जसं काही माझं ऐकलंच नव्हतं. त्या काळी घरून निघतानाच टाकी भरून निघायचे. लांबचा प्रवास असला की ड्रायव्हर टाकीत काडी बुडवून बघायचा. काट्याकडं कुणी बघायचंच नाही, त्यांनीही पुढं कधी पाहिलं नाही. पुढाऱ्याकडून गाडी घेतली तेव्हाच काटा अडकलेला दिसला होता, पण एवढ्या मोठ्या माणसाकडून वस्तू घेऊन खोट कशी काढायची, म्हणून गप्प बसले. आणि एकदा गप्प बसल्यावर मग कुणालाच सांगता आलं नाही. आईलाही नाही.

मी उठून आत गेले. दादांचं ताट वाढलं, पण त्यांच्यासमोर बसले नाही. ते एकटेच जेवले, भाकरी अर्धी ठेवली. मी तपासायचे पेपर घेऊन बसले तर एकाही ओळीचा अर्थ लागत नव्हता. राग दादांचा होता, इलेक्ट्रिशियनचा होता, त्या पुढाऱ्याचा होता, पण कुणालाच तो पोचत नव्हता. ज्याला पोचणार होता तो ऐंशी ओलांडलेला म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता.

आणि अंगणाकडं बघता बघता ती लाल ऑक्साइडची टाकी डोळ्यांसमोर आली. रंग. टाकीला सगळीकडून रंग दिला होता, जिथं ती गाडीच्या पत्र्याला टेकते तिथंसुद्धा, आणि खाली रबराच्या नव्या पट्ट्या घातल्या होत्या. टाकीचा गाडीच्या पत्र्याशी संबंधच उरला नव्हता; हातात धरलेला फ्लोट मात्र पत्र्याला टेकत होता, म्हणून तेवढ्यापुरता चालायचा. अर्थिंग तुटलं होतं, आणि ते मीच हौसेनं दोन हात मारून तोडलं होतं. मी तशीच उठले, हातभर वायर घेतली, एक टोक फ्लोटच्या स्क्रूखाली दाबलं, दुसरं डिकीतला रंग खरवडून पत्र्यावर आवळलं. पुढं येऊन चावी फिरवली. तडकलेल्या काचेमागं जुना काटा हलला, चढत गेला आणि भरलेल्या टाकीच्या रेघेवर थांबला.

आनंद झाला का? झाला असावा. पण शीण इतका होता की मी चावी काढली, हात धुतले आणि झोपले. दादांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते उठून गाडीत जाऊन बसले आणि चावी फिरवून पाहत राहिले. मला बॅटरी उतरेल म्हणून त्यांना उठवावं लागलं.

पुढच्या आठवड्यात युसूफ वडगावला आत्याकडं तिच्या पणतवाचं जावळ होतं. टाकी भरून निघालो. मला वाटलं, आता सुखानं जाऊ.

परळी सोडून घाट लागला. चढाला गाडी तिरकी झाली की टाकीतलं पेट्रोल एका अंगाला सरकतं आणि काटा थोडा ढळतो. दादा इतकी वर्षं कधी काट्याकडं न बघितलेले, आता नजर हलवायला तयार नव्हते.

"खाली आला," ते म्हणाले.

मी समजावलं, चढ आहे. सपाटीला काटा पुन्हा वर आला तेव्हा ते गप्प झाले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. अंबाजोगाईत त्यांनी पंपावर थांबायलाच लावलं. पंपावरच्या माणसानं नळी घातली न घातली तोच पेट्रोल टाकीच्या तोंडातून बाहेर सांडलं. तो माझ्याकडं असं बघू लागला की, भरलेल्या टाकीत पेट्रोल टाकायला आलेली ही कोण बाई. केजच्या रस्त्याला लागल्यावर काटा खरोखरच अर्ध्या रेघेनं उतरला, कारण उतरायलाच हवा होता, तेवढं पेट्रोल जळलं होतं. दादांनी दाराची मूठ घट्ट धरली. वाटेत पंप दिसला की थांब, हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मी रेडिओ लावला. रेडिओ बंदच होता. तोही बहुतेक गाडी घेतली तेव्हापासून.

पोचलो तेव्हा जावळ आटोपलं होतं. आत्या रुसली होती, पुरण थंड झालं होतं. मी हातपाय धुऊन बाहेर आले तर दादांनी आत्याच्या नातवंडांना गाडीभोवती गोळा केलं होतं. चावी फिरवून ते काटा दाखवत होते. सांगत होते, एवढी जुनी गाडी, पण काटा पहिल्यापासून असा तंतोतंत. मी दारातच उभी राहिले. 

परतीच्या वाटेला घाटाआधी मी पर्समधला रुमाल काढला आणि मीटरवर अंथरून त्याची कडा चौकटीत खोचली. दादांनी माझ्याकडं पाहिलं. समोर बघत बसले. चार वळणं गेली. मग त्यांचा हात हळूच पुढं आला, रुमालाचं एक टोक उचललं, आत बघितलं आणि पुन्हा सोडून दिलं. मी गिअर बदलला आणि गाडी उताराला लावली.